आदी पिशवी खाली

वाचकहो, सावरून बसा. अत्यंत गंभीर निवेदन करतो आहे. सांगलीतल्या आमच्या रुग्णालयाचा अर्धा नर्सिंग स्टाफ एकदा एकाच सकाळी आजारी पडला. साक्षीदार मीच, कारण केसपेपरच्या खिडकीत मी बसत होतो.

या कटामागे होत्या मूळच्या फलटणकडच्या एक बाई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज एसटी स्टँडवरचा. मालिश आणि अॅक्युपंक्चर रीतसर शिकलेल्या. दर मंगळवारी जिन्याखाली दोन स्टुलं मांडायच्या आणि रुग्ण सोडून बाकी सगळ्यांकडे बघायच्या: सिस्टर, मावश्या, उशाशी बसून आंबलेले नातेवाईक.

नातेवाईकांच्या खांद्याला एक्स-रेची पिशवी असतेच. झोपेतही सोडत नाहीत. बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आदी पिशवी खाली."

"आवं, रिपोर्ट हाईत त्यात!"

"पळून जात न्हाईत ते. खांदं बगा, कानाला लागल्यात!"

जन्मभर दुसऱ्यांना टोचणाऱ्या सिस्टर केसाएवढी सुई पाहून किंचाळायच्या. "लोकास्नी टोचताना बरा हात कापत न्हाई गं!" असं बाई म्हणायच्या. दहा मिनिटांत तीच सिस्टर बसल्या बसल्या घोरायला लागायची.

मग नवे साहेब आले. जिन्याखाली कागद लागला: 'येथे फक्त रुग्णांवर उपचार होतील.' बाईंनी तो दोनदा वाचला आणि जमलेल्या मावश्यांकडे वळल्या. "बरं. मग रुग्ण व्हा!"

पुढच्या मंगळवारी माझ्या खिडकीपुढे ही रांग! रातपाळी उतरलेल्या सिस्टर, मावश्या, लिफ्टमन. तक्रार? "खांदा." तक्रार? "खांदा." शेवटी मीही माझं नाव लिहून टाकलं. साहेबांनी गठ्ठा चाळला, माझ्या कागदाशी थांबले.

"तुमचाही खांदा?"

"दोन्ही, साहेब."

दुपारी जिन्याखालचा कागद गेलेला होता.

आता तिथे व्हीलचेअर ठेवतात. बाई आजारी नवऱ्याला घेऊन कायमच्या गावी गेल्या. त्याला ॲडमिट केलं तो दिवस मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. लष्करातून निवृत्त झालेला, ताठ मिशांचा गडी स्ट्रेचरवर, आणि खिडकीशी बाई, एक्स-रेची पिशवी छातीशी आवळून. खांदे कानाला लागलेले.

"बाई, घटकाभर बसा," मी म्हटलं.

"मला काय धाड भरलीया? मी बरी हाय."

तेवढ्यात झाडूवाल्या मावशी जिन्याखालचं स्टूल उचलून रांगेतून घुसल्या, ते बाईंच्या मागे आदळून अख्ख्या ओपीडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "ए बाई, आदी पिशवी खाली!"