परत पाठवलेलं दूध

जीसीचं पेन वर चढलं ते खाली यायचं नावच घेईना. मी दुधाचा अर्क दुसऱ्यांदा घातला, तिसऱ्यांदा घातला. तेच. सतरा नंबरच्या दुधात बीएचसी होतं, आणि थोडंथोडकं नव्हतं.

जीसी म्हणजे अर्कातली रसायनं वेगवेगळी करून कागदावर त्यांच्या टेकड्या काढणारं मशीन. टेकडी जेवढी उंच, तेवढं रसायन जास्त. आणि बीएचसी ही कीड मारायची पावडर. शेतात, धान्यात, गोठ्यात, आमच्याकडं ती कुठं मारत नव्हते ते विचारा. नव्वदीच्या अखेरीस बंदी आली, तरी घरोघरी अर्धी पोती पडून होती. ती अंगात गेली की चरबीत जाऊन बसते आणि दुधातून बाहेर येते. कॅन्सरचा संशय तिच्यावर होताच. शिवाय ती हार्मोनच्या कामात लुडबुड करते आणि सगळ्यात जास्त धोका पोटातल्या बाळाला असतो, असं तेव्हा नव्यानं बोललं जात होतं. त्यासाठीच मी गडहिंग्लज भागातल्या एका गावातून घरोघरचं दूध गोळा करून कोल्हापूरच्या आमच्या लॅबमध्ये आणलं होतं.

आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, आलेख बघितला. रिपीट सॅम्पल आण, म्हणाले, तोवर कुणाला काही बोलू नकोस.

मला कुठला दम! हे दूध डेअरीत जाणार, तिथून शहरातल्या पोरांच्या पोटात जाणार, या विचारानं मला खुर्चीत बसवेना. दुपारीच गावच्या दूध संस्थेच्या सेक्रेटरींना फोन लावला. सतरा नंबरचं घर यादीत बघितलं. गंगव्वा, तीन म्हशी. उद्यापासून तिचं दूध परत पाठवतो, असं सेक्रेटरी म्हणाले. फोन ठेवला तेव्हा मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू?

रिपीट सॅम्पल आणायला मात्र दोन आठवडे गेले. आधी मशीनला लागणारं नायट्रोजनचं सिलिंडर संपलं, मग डिपार्टमेंटची जीप मिळेना. शेवटी वैतागून एसटीनं गेले.

गंगव्वाचा गोठा इतका लख्ख, की आमच्या लॅबची लाज वाटावी. ती पन्नाशीची, बोलायला फटकळ. पाहुण्यासारखं येऊन दूध प्यालात आणि जाताना दूध बंद करून गेलात, असं तिनं तोंडावर सुनावलं. मी गुमान ऐकून घेतलं. मग पावडरचं विचारलं.

"मारली की. कोल्हापूरच्या म्याडम तपासाय येत्यात, गोठा चकचकीत ठेवा म्हणून सेक्रेटरीनं सांगिटलं. मग तुमाला घाणीत बोलवायचं व्हय? म्हशींस्नी गोचीड व्हती. आठ दिस रोज पावडर चोळली. कासंला बी."

कपाळ माझं! बाकीच्यांनी शेण काढलं, पाणी मारलं आणि विषय सोडून दिला. हिनं मन लावून केलं, म्हणून हीच सापडली. आणि आम्ही येणार ही वर्दी आठ दिवस आधी मीच दिली होती. टेकडी खरी होती, पण ती आमच्यासाठी केलेल्या पाहुणचाराची होती.

तरी मला हायसं वाटलं. पावडर बंद केली की दूध हळूहळू सुधारेल, संस्था परत घेईल. वहीत टिपता टिपता मी विचारलं, मधल्या दिवसांतलं दूध ओतून टाकलं ना?



"दूध कोण वततं बाई? लेक आलीया न्हवं बाळंतपणाला. तिलाच घातलं की, तांब्या तांब्या. साय बी तिलाच."

तेवढ्यात ती लेक पोट सावरत पाणी घेऊन आली. माझा हात पुढं होईना. पावडर चरबीत बसते, म्हणजे सायीत. डेअरीत गेलं असतं तर ते हजार घरांत थेंबाथेंबानं वाटलं गेलं असतं. माझ्या एका फोननं सगळं या एका पोटात गेलं होतं. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्कही नव्हता.

मी गंगव्वाला सगळं सांगितलं. बाळाला काय होईल, तिनं विचारलं. माहीत नाही, मी म्हणाले. खरं उत्तर तेवढंच होतं.

"मग आदी मला का न्हाय सांगिटलं?" ती म्हणाली. "दूध माझं व्हतं की."

दोन-अडीच महिन्यांत टेकडी बरीच खाली आली आणि संस्थेनं दूध पुन्हा घ्यायला सुरुवात केली. लेकीला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. बघ, उगाच घाबरलीस, असं सर म्हणाले. पण असल्या रसायनांनी काय केलं ते बारशाला कळत नाही. पोर वयात येते, तिला मुलं व्हायची वेळ येते, तेव्हा कळलं तर कळतं, आणि तेव्हाही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. ती आता कॉलेजात असेल. चौकशी करायचा मला धीर झालेला नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एक नियम पाळला, हाताखालच्यांनाही पाळायला लावला. निकाल आला की आधी ज्याचा नमुना त्याच्या घरी जायचं, उंबऱ्यात बसून त्याला कळेल असं सांगायचं आणि त्या वस्तूचं पुढं काय करायचं ते ठरवूनच उठायचं. संस्था नंतर, सर त्याच्याही नंतर. सर यावरून कायम चिडायचे. मी चिडू दिलं.