बोटीच्या दिवशी सहा गोळ्या

कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या टर्न हार्बरात वाराचं नाव घेऊन कुणी कधी काही केलं नाही. रविवार कळायचा चर्चच्या घंटेमुळे आणि बुधवार कळायचा बोटीमुळे. बाकीचे पाच दिवस एकमेकांत कालवून गेलेले. बाहेर जायला रस्ता नाही, मासेमारी बंद पडल्यापासून निम्मी घरं रिकामी, आणि उरलेली माणसं बहुतेक सत्तरीपुढची. त्यांना 'गुरुवारी या' म्हणून सांगा, ती शनिवारी येतील आणि वर विचारतील, दवाखाना बंद कसा? पण 'बोटीच्या दुसऱ्या दिवशी या' म्हणा, सकाळी आठला दारात हजर.

हे लेटा डर्नफर्डइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं ती इथली नर्स. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, एरवी कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसायचे. बाळंतपणं, मोडलेली हाडं, अंगठ्यात घुसलेले गळ, चढलेली दारू आणि उतरलेली दारू, सगळं तिच्याच गळ्यात. बाई तोंडानं फटकळ, आवाज असा की दवाखान्यात ओरडली तर धक्क्यावरचा माणूस टोपी काढेल. लोक तिच्यावर जीव टाकायचे आणि तिला वचकूनही असायचे. हा वचक आहे म्हणूनच ही म्हातारी मंडळी वेळेवर गोळ्या घेतात, असं तिचं ठाम मत होतं. आम्ही गावातली माणसंही तेच म्हणायचो.

थिर्झा स्ट्रिकलंड सगळ्या हार्बराची मावशी. तिनं विणलेले हातमोजे ज्याच्याकडे नाहीत असं घर सापडायचं नाही. पण संधिवातानं तिच्या हातांची पार वाट लावली. बोटांचे सांधे सुजून टणक झाले, सुया धरवेनात, पावाची कणीक मळता येईना. दोन वर्षांपूर्वी डॉ. मर्सरनी तिला मेथोट्रेक्सेट सुरू केलं आणि लेटाला बजावून सांगितलं, "आठवड्यातून एकदाच. सहा गोळ्या एकदम. हे औषध रोज पोटात गेलं तर माणूस मरतो."

"माझ्यावर सोपवा," लेटा म्हणाली.

फार्मसीच्या बाटलीवर 'आठवड्यातून एकदा' असं छापलेलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरात. लेटानं त्यावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि काळ्या जाड पेननं लिहिलं : बोटीच्या दिवशी ६. नवी बाटली आली की नवी पट्टी. अशा आठवडी गोळ्या आणखी नऊ घरांत होत्या, कुणाच्या हाडांच्या, कुणाच्या आणखी कशाच्या. सगळ्यांवर हीच युक्ती. दोन वर्षांत एकाचंही चुकलं नाही. जिल्ह्याच्या कचेरीनं बैठकीत तिचं कौतुक केलं तेव्हा लेटा चक्क लाजली होती.

थिर्झामावशीच्या गोळ्यांचा कारभार नवऱ्याकडे होता. अँब्रोसकाका एकोणऐंशीचे, जन्मभर कॉड मासा पकडला, आता खिडकीत दुर्बीण घेऊन बसायचे. बोटीनं किनाऱ्याचं टोक ओलांडलं की उठायचे, बशीत सहा गोळ्या मोजायचे, पाण्याचा पेला भरायचे. "चला बाईसाहेब, तुमचे सहा पाहुणे आले," असं दर बुधवारी. मावशी म्हणायची, "आणि सातवा कुठे उलथलाय? त्याला म्हणावं चहा ठेव." मावशीची सूज उतरली, सुया पुन्हा चालायला लागल्या. लेटाला तो संसार बघून बरं वाटायचं. तिचा स्वतःचा नवरा कधीच शहरात निघून गेला होता.

आणि मग जूनमध्ये नवी बोट आली. सोमवार ते शुक्रवार, रोज.

ही बोट लेटानंच आणली म्हणा ना. चार वर्षं सह्या गोळा करत, मंत्र्यांना पत्रं लिहीत, रेडिओवर भांडत तिनं ती सरकारच्या घशातून ओढून काढली. आठवड्यातून एकदा येणाऱ्या बोटीवर आजारी माणसांनी किती दिवस जगायचं, हा तिचा एकच प्रश्न. पहिल्या दिवशी हॉलमध्ये वाटाण्याच्या सुपाची पातेली चढली, अकॉर्डियन वाजला, अँब्रोसकाकांनी मावशीला दोन गिरक्या घ्यायला लावल्या. सगळं हार्बर लेटाला मिठ्या मारत होतं. आणि त्या दहा बाटल्यांवर काय लिहिलंय हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही.

तो पहिला आठवडा गडबडीचा. बोटीतून पाहुणे आले, लसींची खोकी आली, नवे कॉम्प्युटर बसवायला माणसं आली. दुसऱ्या सोमवारी शेजारची डल्सी इंग्रॅम दवाखान्यात डोकावली.

"मावशीचं तोंड आलंय गं. पाव गिळवत नाही. काही देतेस?"

"कालवणात मीठ कमी घाला म्हणावं," लेटा फोन कानाला धरूनच म्हणाली आणि कपाटातून गुळण्यांची बाटली काढून दिली. "चार दिवसांत जाईल."

घर चारशे पावलांवर. ती गेली नाही.

बुधवारी दुपारी एकला पलीकडच्या किनाऱ्यावरून फार्मसीतली कॉलीन बोलली. "लेटा, एक विचारायचं होतं. सकाळी अँब्रोस स्ट्रिकलंडचा फोन आला, मेथोट्रेक्सेट संपलं म्हणून. पण मी आठ आठवड्यांच्या अठ्ठेचाळीस गोळ्या दिल्या होत्या. त्याला दोनच आठवडे झालेत. सांडल्या का?"

"सांडल्या असतील," लेटा म्हणाली. मग तिची नजर खिडकीतून रिकाम्या धक्क्यावर गेली. तीन वाजता बोट येणार होती. कालही आली होती. परवाही.

फोन तसाच लोंबकळत सोडून ती धावली. साठीला टेकलेली बाई दवाखान्याचा पांढरा कोट घालून, चढावर, धापा टाकत. लोक दारांत आले.

थिर्झामावशी स्वयंपाकघरातल्या दिवाणावर पडलेली होती. अंग चुलीसारखं तापलेलं, ओठ सोललेले, हिरड्यांतून रक्त, नडग्यांवर लाल पुरळ. लेटानं नुसतं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. रक्त तयार होणंच थांबलं होतं.

"काका, गोळ्या कशा दिल्यात मावशीला?"

"तू सांगितलंस तशाच." काका खुर्चीत ताठ बसले. "बोटीच्या दिवशी सहा. एक दिवस चुकवला नाही हं. कालच्या बोटीला संपल्या."

"रोज?"

"बोट रोज येते ना आता."

लेटानं बाहेरच्या खोलीत जाऊन डॉ. मर्सरना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, उतारा द्यायला हवा, तो शहरातच मिळेल, हेलिकॉप्टर मागवतो. पाच मिनिटांनी त्यांचाच फोन आला : किनाऱ्यावर धुकं, हेलिकॉप्टर उडणार नाही. बोटीनं आणा, धक्क्यावर अॅम्ब्युलन्स उभी करतो.

"तिला रोज घ्यायला सांगितलं कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," लेटा म्हणाली.

मग दोन तास नुसती वाट बघणं. मावशीला सलाईन लावलं, ताप उतरायला औषध दिलं, पण लेटाला पुरतं ठाऊक होतं की आपण वेळ काढतोय. डल्सीला तिनं दाराबाहेर नेऊन नऊ घरांची यादी लिहून दिली. "जा. बाटल्या उचलून आण. का म्हणून विचारलं तर सांग, लेटा चुकली. आणि दोन आठवड्यांत किती घेतल्या ते एकेकाला मोजायला लाव." डल्सी हादरून बघत राहिली. लेटा चुकली हे वाक्य तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

तीनला धुक्यातून भोंगा वाजला. अँब्रोसकाका सवयीनं उठले, कपाटातून रिकामी बाटली काढली, हलवून पाहिली आणि कावरेबावरे होऊन म्हणाले, "अगं, बोट आली. आणि आज गोळ्याच नाहीत. कॉलीननं पाठवल्या असतील ना बोटीवर?"

लेटानं त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली.

काकांना बोटीवर नेलं नाही. त्यांच्या छातीत हृदय चालवणारं मशीन होतं आणि समुद्र खवळलेला. चौघांनी मावशीला स्ट्रेचरवरून चढवलं, लेटा शेजारी बसली. अडीच तासांच्या प्रवासात मावशीची शुद्ध येत-जात होती. मधेच तिनं लेटाचं मनगट धरलं.

"गोळ्याच ना?"

"हो मावशी. माझी चूक. मी नीट सांगायला हवं होतं, मी यायला हवं होतं—"

"गप गं. रडायला लागलीस की तुझं नाक किती मोठं दिसतं." तिला बोलताना दुखत होतं, शब्द ओठांतून ओघळत होते. "त्याला सांगू नकोस. सांध्यांचं दुखणं रक्तात उतरलं म्हण. त्यानं स्वतःच्या हातानं दिल्यात. मरेल तो."

"मावशी, तुम्ही बऱ्या होणार आहात."

"वचन दे."

लेटानं दिलं. दुसरं काय करणार होती?

शहरात उतारा मिळाला, रक्त चढवलं, अँटिबायोटिक्स सुरू केली. लेटा पाच दिवस हॉस्पिटलच्या खुर्चीत झोपली. रोज सकाळी रक्ताचा रिपोर्ट यायचा आणि रोज डॉक्टरांचा चेहरा पाहून तिला तो न वाचताच कळायचा. बाकीच्या नऊ जणांपैकी सहा जण सुखरूप होते, तिघांचं पोट बिघडलं होतं, त्यांच्या गोळ्या वेगळ्या, जिवावरचं काही नव्हतं. ही बातमी डल्सीनं फोनवर सांगितली तेव्हा लेटा जिन्यात बसून हुंदके देऊन रडली. सहाव्या दिवशी पहाटे थिर्झामावशी गेली. कॅनडातलं चांगल्यातलं चांगलं हॉस्पिटल, आणि बाई आपल्याच गावच्या चिकटपट्टीनं गेली.

दफनानंतर तीन दिवसांनी जिल्ह्याच्या कचेरीतून साहेबांचा फोन आला. अपघाताचा अहवाल भरायचा होता. "सोपं आहे," ते म्हणाले. "कारणाच्या रकान्यात 'घरातल्या व्यक्तीनं चुकीचा डोस दिला' हा पर्याय निवड. छापील लेबल बरोबरच होतं. तू कशाला गुंततेस? एकतीस वर्षांची नोकरी आहे तुझी."

"छापील लेबलावर मी पट्टी चिकटवली होती."

"ते अहवालात यायलाच हवं असं नाही."

"मग पुढच्या हार्बरातली नर्स पण चिकटवेल," लेटा म्हणाली आणि फोन ठेवला. तिनं 'इतर' हा पर्याय निवडला आणि दोन पानं लिहिली : पट्टी, बोट, कॉलीनचा फोन, मावशीचं तोंड आल्याचं कळूनही न गेलेली चारशे पावलं. शेवटी लिहिलं की हा मजकूर किनाऱ्यावरच्या सगळ्या दवाखान्यांत पाठवावा आणि टर्न हार्बरातल्या दुकानात व चर्चच्या दारावर लावावा.

म्हणजे अँब्रोसकाकाही वाचणार. दिलेलं वचन ती मोडणार होती. मेलेल्या बाईला दिलेलं वचन मोडायचं तर निदान ज्याच्यापायी दिलं त्याच्या तोंडावर मोडावं, म्हणून कागद खिशात घालून ती त्यांच्याकडे गेली.

काका दिवाणाच्या कडेला बसले होते. चहा करून ठेवला होता, प्यायलेला नव्हता. लेटानं उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. सांधे नव्हे, गोळ्या. तुमची चूक नव्हे, माझी. ती सांगत होती आणि काका मान हलवत होते, समुद्राचा अंदाज ऐकावा तसे.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तू बाटली हातातून काढून घेतलीस तेव्हाच कळलं. रिकामी बाटली कुणी अशी काढून घेतं?" त्यांनी नाक पुसलं. "थिर्झाला वाटलं मला कळलं नाही. वाटू दिलं. धक्क्यावर तिला म्हटलं, जाऊन ये, सांध्यांवर नवं औषध देतील."

लेटा खुर्चीवर बसली.

"मला आधीच शंका आली होती," काका म्हणाले. "पहिल्याच बुधवारी. सोमवारी सहा, मंगळवारी सहा, म्हटलं हे जरा फार होतंय. आलो होतो दवाखान्यात. तू काचेपलीकडे त्या कॉम्प्युटरवाल्यावर ओरडत होतीस. मला पाहून हात केलास, 'काका, सगळं ठीक ना?' मी म्हटलं, ठीक. आणि परत आलो."

"काका, विचारायचं होतंत हो."

"थिर्झाही तेव्हा तेच म्हणाली. विचार म्हणाली, लेटा काय खाणार आहे तुला?" त्यांनी वर पाहिलं. डोळे लाल होते, पण आवाजात राग नव्हता, आणि तेच लेटाला सोसवेना. "खरं सांग, लेटा. विचारलं असतं तर ओरडली असतीस का?"

'नाही' हा शब्द तिच्या ओठांवर आला. त्या बुधवारी तिनं तिघांना दारातूनच परत पाठवलं होतं. बोटीचा दिवस आता कुठला धरायचा असले फाजील प्रश्न घेऊन येऊ नका, असं त्यातल्या एकाला सुनावलं होतं.

"हो काका," ती म्हणाली. "ओरडले असते."

अँब्रोसकाकांनी मान हलवली. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले आणि गार झालेला चहा तिच्याकडे सरकवला.