छतावरचा कोरा कागद

रेघवाल्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच पडून होतं. बाकी सगळीकडे ते रेघवाले. शेअर दलालांच्या एका पेढीत त्यांनी चव्वेचाळीस वर्षं एकच काम केलं. दर शुक्रवारी बाजार बंद झाला की गिऱ्हाइकांच्या हॉलमधल्या लांबलचक भिंतीवर, चौकटीच्या कागदावर, निर्देशांकाची त्या आठवड्याची रेघ काढायची. वर गेला तर निळी, खाली आला तर लाल. आठवड्याला रेघ पुढे सरकायची ती गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढी. ह्या वेगाने माणूस म्हातारा होतो, भिंत मात्र संपत नाही.

निर्देशांक कसला, तर तंत्रज्ञानाच्या कंपन्यांचा. नवी यंत्रं बनवणाऱ्या, नवे शोध लावणाऱ्या कंपन्यांचे भाव एकत्र करून काढलेला एक आकडा. तो शंभरावर सुरू झाला त्याच आठवड्यात बावीस वर्षांचे रेघवाले नोकरीला लागले. मालकांनी माप असं ठरवून दिलं की शंभर म्हणजे जमिनीपासून चार बोटं. मालक दूरदृष्टीचे होते. त्यामुळे पहिली दहा-बारा वर्षं रेघवाल्यांनी भविष्याचा आलेख फरशीवर पोटावर पडून काढला. गिऱ्हाइकं त्यांच्या पायांवरून ओलांडून जायची. एकाने तर सोफ्याखाली काही सांडलंय का म्हणून विचारलं होतं.

पुढे घरोघरी संगणक आले. रेघ घोट्यावरून नडगीवर आणि नडगीवरून गुडघ्यावर आली. एवढ्या प्रवासाला चोवीस वर्षं लागली. रेघवाल्यांचं लग्न झालं, एक मुलगी झाली, ती कॉलेजात गेली, त्यांचं कंबरडं दुखायला लागलं, आणि रेघ अजून गुडघ्यावरच. ही पेढी जगाला संगणकाच्या कंपन्यांमध्ये पैसे घालायला सांगायची आणि स्वतःची रेघ मात्र माणसाच्या हाताने काढून घ्यायची. हाताने काढलेल्या रेघेवर गिऱ्हाइकांचा विश्वास बसतो, असं मालकांचं म्हणणं होतं.

मग इंटरनेट आलं आणि सगळ्यांनाच ताप चढला. गुडघ्यावरून छातीपर्यंत यायला रेघेला तीन वर्षंसुद्धा लागली नाहीत. रेघवाले आयुष्यात पहिल्यांदा ताठ उभे राहून काम करू लागले. नंतर स्टूल आलं, नंतर शिडी आली. शुक्रवारी हॉल माणसांनी भरायचा. रेघवाले शिडी चढू लागले की कुजबूज थांबायची, आणि निळी शाई वर सरकली की टाळ्या पडायच्या. निर्देशांकाचं काय, तो न पाहताही वर गेला असता. पण टाळ्या शिडीवरच्या माणसाला ऐकू येतात. इतकी वर्षं ज्याच्या पायांवरून लोक ओलांडून गेले तो माणूस बघता बघता हरभऱ्याच्या झाडावर चढला. शेजारीपाजारी त्यांना थांबवून विचारायचे, काय वाटतं, अजून किती? आणि रेघवाले डोळे बारीक करून, जणू आकाशाकडे बघून पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगायचे. त्यांनी स्वतः एकही शेअर कधी घेतला नव्हता, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

छताला चार बोटं उरली तेव्हा मालकांनी तोडगा काढला. रेघ आता छतावर न्यायची. छतावर चौकटीचा कागद आगाऊ चिकटवून ठेवायचा. गिऱ्हाइकांनी मान वर करून बघावं, मान वर केली की माणूस प्रश्न कमी विचारतो. रेघवाल्यांनी शिडीवर उलटं लवून, तोंडावर खळ सांडून घेत, दोन दिवस कागद लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा धाकटा भाऊ त्यांना न्यायला आला. धाकटा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. भाड्याच्या टपरीत बसायचा आणि कोपऱ्यावरचा एक गाळा विकत घेण्यासाठी वीस वर्षं पै पै जमवत होता. तो खाली उभा राहून बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला की दादा, सगळे घेतायत, मीही घेऊ का? गाळ्याचे पैसे आहेत, वर्षभरात दुप्पट होतील म्हणतात.

रेघवाले नको म्हणू शकले असते. मला काही कळत नाही, असं तर अगदी सहज म्हणू शकले असते, आणि ते खरंही होतं. पण हातात खळीची वाटी होती आणि कानांत टाळ्या होत्या.

"घे," ते म्हणाले. "रेघ मी काढतो. मला दिसतं ना कुठे चाललीय ती."

धाकट्याने एका कंपनीचे शेअर घेतले. ती कंपनी इंटरनेटवरून लोकांना घरपोच चपला विकणार होती. तिने तोपर्यंत एक पैसासुद्धा मिळवला नव्हता, आणि त्या दिवसांत हे कंपनी फार पुढारलेली असल्याचं लक्षण मानलं जायचं. पुढच्याच शुक्रवारी लाल शाई काढावी लागली. त्याच्या पुढच्याही. शिडी गेली, स्टूल गेलं, अडीच वर्षांत रेघवाले पुन्हा फरशीवर मांडी घालून बसले, गुडघ्यासमोर. टाळ्या वाजवणारे हॉलमध्ये फिरकेनासे झाले. छतावरचा कागद कोराच राहिला.

भिंतीच्या कडेला निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांच्या नावांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या टांगलेल्या असायच्या. कंपनी बुडाली किंवा फारच आजारी पडली की तिला निर्देशांकातून काढत आणि तिच्या जागी दुसरी धडधाकट घेत. पट्टी काढायचं कामही रेघवाल्यांचंच. चपलांच्या कंपनीची पट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली आणि जुन्या पट्ट्यांच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. डबा तोपर्यंत दुसरा लागला होता.

धाकट्याने आरडाओरडा केला नाही. तो फक्त यायचा बंद झाला. गाळा दुसऱ्या कुणीतरी घेतला आणि धाकटा त्याच गाळ्यात त्या दुसऱ्याकडे नोकरीला लागला. रेघवाल्यांनी मुलीला पाठवून पाहिलं, तर त्याने तिच्याजवळ निरोप दिला की तुझ्या बाबांना म्हणावं, रेघ परत होती तिथे पोचली की सांगायला या.

दुसरा कुणी असता तर हे रागाचं बोलणं आहे एवढं त्याला कळलं असतं. पण रेघवाल्यांचं सगळं आयुष्य एका आकड्याची नोंद करण्यात गेलेलं. त्यांनी निरोप शब्दशः धरला. रेघ सगळ्यात वर पोचली होती तिथे त्यांनी एक खिळा ठोकला, त्याला सुतळी बांधली आणि त्याच उंचीवरून भिंतभर ताणली. मालकांनी विचारलं तेव्हा भिंतीला ओल येतेय, खूण केलीय, म्हणाले.

मग वाट बघणं सुरू झालं. रेघ कमरेपर्यंत चढली, बँकांच्या बुडीत कर्जांच्या गडबडीत पुन्हा कोसळली, पुन्हा चढली. रेघवाले साठीला निवृत्त झाले. पेढीत सगळीकडे संगणकाचे पडदे लागले होते, सेकंदासेकंदाला भाव बदलताना दिसत होते, तरी मालकांच्या मुलाने त्यांना शुक्रवारपुरतं ठेवून घेतलं. नवी गिऱ्हाइकं त्यांच्याबरोबर फोटो काढायची. पेढीला शोभेची वस्तू स्वस्तात मिळाली.

बायको दर वर्षी म्हणायची, "अहो, तो दोन बसस्टॉप पलीकडे राहतो. रेघ चढायची तेव्हा चढेल, तुमचे पाय काय मोडलेत?"

अजून वेळ आहे, असं रेघवाले म्हणायचे. रिकाम्या हाताने काय तोंड दाखवायचं, हे ते बोलायचे नाहीत. त्यांना खरोखर वाटायचं की तो आकडा हातात असला की सगळं मिटेल. धाकट्याच्या मुलाचं लग्न झालं, त्यालाही ते गेले नाहीत. रेघ त्या वर्षी खांद्याच्या थोडी वर होती.

पंधरा वर्षांनी एका शुक्रवारी निळी रेघ सुतळीला टेकली. मालकांच्या मुलाने भाषण केलं की बाजार धीर धरणाऱ्याला कधीच निराश करत नाही. तो हे बोलला तेव्हा त्याचं वय बत्तीस होतं. सहासष्ट वर्षांचे रेघवाले शिडीवरून जपून उतरले, हातांची शाईसुद्धा न धुता बसमध्ये बसले आणि गाळ्यावर जाऊन उभे राहिले.

धाकटा डोळ्याला भिंग लावून कुणाचा तरी मोबाइल उघडून बसला होता. केस पांढरे झाले होते. रेघवाल्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

"पोचली," रेघवाले म्हणाले. "आज पोचली. बरोब्बर तिथे."

धाकट्याने भिंग काढलं. मग शांतपणे विचारलं की आमची चपलांची कंपनी आहे का त्यात?

नाही, तिला केव्हाच काढलं, रेघवाले म्हणाले. त्या वेळच्या बऱ्याच काढल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या, त्याच वर गेल्या. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. गेली पंधरा वर्षं ते ज्यांच्या परतण्याची वाट बघत होते त्यांच्या पट्ट्या डब्यात होत्या, आणि सुतळीला टेकले होते ते सगळे परके.

"दादा," धाकटा म्हणाला, "मी ते रागात बोललो होतो रे. पुढच्या रविवारी तू येशील असं वाटलं होतं. हिने तुझ्यासाठी जेवायला ठेवलं होतं. त्याच्या पुढच्याही रविवारी ठेवलं होतं."

रेघवाल्यांना स्टुलावर बसावं लागलं. आयुष्यभर दुसऱ्याचे चढउतार मोजले, आणि ह्या पंधरा वर्षांचं माप त्यांच्याकडे नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. धाकट्याने त्यांच्यापुढे चहा सरकवला आणि पुन्हा भिंग लावलं, कारण गिऱ्हाईक साडेसातला येणार होतं. थोड्या वेळाने त्याने दिवा जरा जवळ धरायला सांगितलं. रेघवाल्यांनी धरला.

पुढच्या शुक्रवारी निर्देशांक पडला. रेघवाल्यांनी शिडीवर चढून लाल शाईने गव्हाच्या दाण्याएवढी रेघ काढली, सुतळीच्या चांगली खाली. मग सुतळी सोडून तिची गुंडाळी खिशात टाकली, हात धुतले आणि दोन बसस्टॉप पलीकडे जेवायला गेले.