बाईंची सुटका

बाईंना विद्यापीठात पाठवताना शाळेने बजावून सांगितलं होतं, दोनच वर्षं. विज्ञानाचे शिक्षक घडवायचा नवा अभ्यासक्रम निघालाय, तो मार्गी लावा आणि परत या. बाईंनी वर्गातल्या मुलांनाही तसंच सांगितलं होतं. ती मुलं आता कमावती झाली, शाळेने बाईंची जागा कधीच भरून टाकली, आणि बाई आपल्या अजून अभ्यासक्रम मार्गी लावतायत.

काम तसं वाईट नव्हतं, पण लुटुपुटूचं होतं. सरावाच्या तासाला एकाने शिक्षक व्हायचं आणि बाकीच्यांनी सातवीची मुलं. चांगले मिशा फुटलेले बाप्ये लाकूड का तरंगतं हे ठाऊक नसल्यासारखा चेहरा करून बसायचे. चुकायचे तेसुद्धा पुस्तकाबरहुकूम. खरं पोर असं चुकत नाही. शाळेत एका पोरीने बाईंना विचारलं होतं, "लोहचुंबकाला डोळे नाहीत, मग लोखंड कुठलं ते त्याला कळतं कसं?" त्या प्रश्नाने बाईंची दोन दिवस झोप उडाली होती. असलं काही पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून त्यांचा जीव तुटायचा. घरी हे काढलं की नवरा म्हणायचा, "मग जा ना! तुला काय साखळीने बांधलंय तिथे?"

बांधलंच होतं म्हणायचं. त्यात विद्यापीठाने नवं फर्मान काढलं. पुढच्या पाच वर्षांची योजना द्या, पाचही वर्षं जबाबदारी घेईल असा कायम नोकरीतला माणूस दाखवा, नाहीतर प्रवेश बंद. विभागात कायम माणसं तीन. विभागप्रमुख वर्षभरात निवृत्त होणार, म्हणजे उरल्या बाई आणि धाकट्या मॅडम. धाकटी बाईंचीच विद्यार्थिनी, चुणचुणीत, कामाला वाघ. बाईंनी मनातल्या मनात सगळं जुळवून टाकलं. योजनेत धाकटीचं नाव घालायचं आणि आपण हळूच निसटायचं. कुणालाही न सांगता त्यांनी घराजवळच्या एका शाळेत अर्ज केला. तिथल्या मुख्याध्यापिका जवळजवळ हो म्हणाल्या होत्या.

योजनेच्या बैठकीच्या दिवशी बाई प्रयोगशाळेत परीक्षानळ्या विसळत असताना त्या मुख्याध्यापिकांचाच फोन आला.

"बाई, जरा घोळ झालाय. जागा एकच, आणि तुमच्या विभागातून अजून एक अर्ज आलाय. तुमच्या त्या धाकट्या मॅडमचा. शिफारशीसाठी तिने नाव दिलंय तुमचं! आता मी विचारू तरी कोणाला? तुम्हीच सांगा, मुलगी शिकवते कशी?"

बाईंनी हातातली परीक्षानळी खाली ठेवली. एक वाक्य पुरलं असतं. अजून कच्ची आहे, एवढंच म्हणायचं. धाकटी इथे राहील, अभ्यासक्रम टिकेल, आपण सुटू, आणि कुणाला कानोकान खबर लागणार नाही. बाईंनी तोंड उघडलंसुद्धा.

पण नेमका त्यांना धाकटीचा एका शाळेतला तास आठवला. सेल, तारा आणि छोटा दिवा जोडून दाखवायचा होता. दिवा काही लागेना. मुलं फिदीफिदी हसायला लागली. बाई जवळचा जादा दिवा घेऊन उठणार, तेवढ्यात धाकटी मुलांना म्हणाली, "मलाही कळत नाहीये का लागत नाही. या, शोधू." मुलं टेबलावर तुटून पडली आणि आतून तुटलेली तार त्यांनीच शोधली. बाईंनी आयुष्यभर जादा दिवा जवळ बाळगला होता. हे धाडस त्यांना कधी झालं नव्हतं.

"माझ्यापेक्षा चांगली शिकवते," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून घ्या तिला."

फोन ठेवल्यावर त्यांना मोठेपणा वगैरे काही वाटलं नाही. स्वतःचा भयंकर राग आला. चांगली चालून आलेली सुटका आपल्याच तोंडाने घालवली होती, आणि बैठक तर तासाभरावर होती.

बैठकीत विभागप्रमुखांनी विचारलं, "मग पाच वर्षं कोण?" धाकटी मान खाली घालून बसली होती.

"माझं नाव घाला," बाई म्हणाल्या.

"वा! पाच वर्षांनी तुम्हीही निवृत्तच. म्हणजे शेवटपर्यंत आमच्याच!" सर खूश झाले. "बाईंचा इथून पाय निघायचा नाही, मी म्हणालोच होतो." सगळे हसले. बाईही हसल्या, पण आतून त्यांना कोंडल्यासारखं होत होतं. आता कुठलीही शाळा उरली नव्हती.

बाहेर धाकटीने त्यांना गाठलं. तिला शाळेचा फोन येऊन गेला होता. "मॅडम, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. पण तुम्ही अडवाल अशी भीती वाटली. मला खरी मुलं हवी होती हो." मग तिने विचारलं, "तुम्हाला नाही कधी वाटलं, परत शाळेत जावं असं?"

"छे गं. इथे काय काम कमी आहे?" बाई म्हणाल्या. "बरं ऐक. सातवी मागून घे. आणि मुलं काय काय विचारतात ते मला येऊन सांगत जा. रोज."

"रोज कसं जमेल, मॅडम?" धाकटी हसून म्हणाली.

"हो गं," बाई म्हणाल्या. "रोज कसं जमेल."