क्लचवरची दोन बोटं

गिऱ्हाइकांचा तो वस्ताद होता. नुसता कान लावून गाडीचं दुखणं सांगायचा. पण ताईपुढे अजूनही बाळ्याच, आणि त्या दिवशी तर अगदीच बाळ्या झाला होता बिचारा.

ताई घरोघरी फिरून तपासणीसाठी रक्ताचे नमुने गोळा करायची. मोटारसायकल होती म्हणून नोकरी होती. मध्यंतरी तिला मोठा ताप आला, जबर औषधं झाली, आणि ती बरी झाली तीच कानात खडखड घेऊन. गाडीचा क्लच वाजतोय, असं तिचं म्हणणं. मुलगा म्हणाला, "आई, गाडी ठीक आहे. तुझे कान गेलेत. आता चालवणं बंद."

म्हणून ती भावाकडे आली. "बाळ्या, क्लचच खराब आहे असं सांग रे बाबा. नाहीतर माझं काही खरं नाही."

वस्तादाने गाडी चालू केली. हँडल धरलं, कान दिला. आवाज नाही! गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारून आला. नाहीच. झाकण उघडून क्लचच्या प्लेटा पाहिल्या, तर त्या चांगल्या निघाल्या. झाकण लावलं, पुन्हा बसला. गाडी कशी शहाण्या पोरीसारखी चालत होती, आणि त्याला तिचा असा राग आला म्हणता! आयुष्यभर गाड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून खपलेला माणूस, आज ही मेली बिघडलेली का नाही म्हणून चडफडत होता.

"येतोय का आता?" त्याने विचारलं.

"तू बसलास की नाही येत. मी बसले की येतो."

"गाडी काय माणूस ओळखते?"

"मला काय विचारतोस? वस्ताद तू!"

ताई बसली. तो बाजूला उभा राहिला. रस्त्यावरून ट्रक जात होते, समोर कोणी पत्रा ठोकत होतं. त्यात काहीतरी वाजल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. तो पुन्हा बसला, आणि गाडी गप्प. त्याचं डोकं पार भंजाळलं. ताईचे कान खरंच गेले असतील का? तिला ते सांगायचं कोणी?

तेवढ्यात डोळ्यात घाम गेला. त्याने दोन्ही हात उचलून सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं, आणि खालून आवाज आला, खडखडखड.

त्याने झटकन हँडल धरलं. आवाज बंद. सोडलं, पुन्हा खडखड. त्याने डाव्या हाताकडे पाहिलं. दोन बोटं क्लचच्या दांडीवर टेकलेली. गाड्या तपासता तपासता लागलेली सवय. झोपेतसुद्धा बोटं तिथेच जात असतील. आणि तेवढ्या दाबानेच आवाज दबत होता!

"अगं ताई, मीच गाढव!" तो ओरडला. "तुझे कान शाबूत आहेत गं!"

ताई मटकन स्टुलावर बसली आणि हसता हसता रडायला लागली. "मेल्या, जीव घेतलास माझा."

त्याने क्लच पुन्हा उघडला. ज्या मोठ्या वाटीत प्लेटा बसतात ती या खेपेला हातात धरून हलवली, तर आतल्या स्प्रिंगा ढिल्या, खुळखुळ वाजताहेत. मघाशी शहाण्याने प्लेटा पाहिल्या आणि वाटीला हातही लावला नव्हता. त्याने नवी वाटी बसवली, तेल भरलं, गाडी चालू केली. दोन्ही हात वर करून उभा राहिला. इंजिनाची सरळ, गोड घरघर. त्याचा जीव भांड्यात पडला.

"बघ! गेला की नाही?"

ताई मान तिरकी करून ऐकत होती.

"बराच गेला," ती म्हणाली. "थोडा आहे."

"कुठे आहे? काहीच नाही."

"आहे रे. बारीक."

त्याने दांडी दाबली, सोडली, गियर टाकून पाहिला, वाकून झाकणाला कान लावला. काही नाही. हा काय प्रकार? तो घोटाळला, मग काहीतरी सुचून त्याने हळूच किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. पत्रा ठोकणाराही केव्हाच गेला होता.

"आता?"

ताईने बंद गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आता जास्त येतोय," ती म्हणाली.

मग त्याने हात पुसले, दुकानाचं शटर ओढलं आणि गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली.

"चल, कान दाखवून येऊ. चालव तूच. मी मागे बसतो."