तत्त्वज्ञाची बायको

बाबा बडोद्यातल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. मी शाळेत असताना त्यांनी वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. देव न मानणारा माणूसही सज्जन असू शकतो, एवढंच त्यात होतं. पण गदारोळ उठला. महिनाभर संतापलेली पत्रं छापून येत होती, आमच्या दारावर कुणीतरी शिव्यांचा कागद चिकटवला. बाबांनी तो शांतपणे काढला आणि ते पुन्हा लिहायला बसले.

त्या संक्रांतीला आमच्या दांडिया बाजारातल्या एकाही घरातून आईला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. काळी चंद्रकळा नेसून ती संध्याकाळभर पुढच्या खोलीत बसून होती. दिवे लागल्यावर उठली, साडी बदलली आणि भाजी चिरायला घेतली. पुढच्या वर्षी ती चंद्रकळा नेसलीच नाही.

मी कॉलेजात गेले तोवर घरोघरी केबल आली होती आणि लेख लोक विसरलेही होते. आईला मात्र कुणी बोलवत नव्हतं. तशी सवयच पडून गेली होती. तेव्हा एका फिल्म क्लबात परदेशी तत्त्वज्ञाच्या आयुष्यावरचा सिनेमा लागला. एका पुस्तकावरून सगळं गाव त्याच्यावर उलटतं, अशी गोष्ट. बाबा जाणारच होते.

"मी पण येते," आई म्हणाली. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी तिच्या शेजारी बसून पडद्यावरची अक्षरं मराठीत कुजबुजत राहिले.

भरसभेत तो तत्त्वज्ञ बोलायला लागला की बाबा पुढे सरकून बसत. आई त्याच्या बायकोकडे बघत होती. एका प्रसंगात ती बाई दुकानात उभी असते आणि दुकानदार तिच्यामागून आलेल्यांना आधी सामान देतो. आईने माझं मनगट घट्ट धरलं.

परतताना सुरसागर तलावाच्या काठाने बाबा एकटेच बोलत होते. त्याचे युक्तिवाद, त्याचं धैर्य. आई मधेच म्हणाली, "अहो, त्या बाईला शेवटपर्यंत कुणी काही विचारलंच नाही."

"कुठल्या बाईला?"

"त्याच्या बायकोला."

बाबा थांबले. मग म्हणाले, "तुला तेव्हा फार लागलं होतं का गं?"

"लोकांचं जाऊ द्या. तुम्ही एकदा तरी विचाराल, असं वाटायचं."

मीही कधी विचारलं नव्हतं.

त्या वर्षीच्या संक्रांतीला बाबा स्वतः घरोघर हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला गेले. देवळाची पायरीही न चढणारा हा माणूस! समोरच्या गुजराती बाईंनी दार उघडलं आणि त्या गोंधळल्याच. बाबा मोडक्या गुजरातीत म्हणाले, "बेन, सांजे घरे आवजो. ए तमारी राह जोशे." संध्याकाळी घरी या, ती तुमची वाट बघेल, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

पाचजणी आल्या. आई चंद्रकळा नेसली होती. सुरुवातीला सगळ्या अवघडून बसल्या. मग बाबा तिळगुळाचं ताट घेऊन आले आणि दारातच अडखळून त्यांनी निम्मे लाडू सांडले. आई इतकी हसली की पदराने डोळे पुसू लागली. तिला तसं हसताना मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते.

त्यानंतर ती दोनच वर्षं होती.

बडोद्याला गेले की मी आमच्या जुन्या गल्लीतून मुद्दाम चालत जाते. एखाद्या घरातून बायकांचं हसणं आलं की पाय थबकतात. त्यात तिचं नाही, हे ठाऊक असतं. तरी थोडा वेळ उभी राहते.