भर वर्गात टोमणा, खासगीत माफी

मंडळी, आज दुपारी मी माझ्या जिभेचा पराक्रम गाजवून आलोय.

मुद्रितशोधनाच्या ऑनलाइन वर्गात कबनूरच्या एका ताईंचं पहिलंच सादरीकरण होतं. त्या स्लाइड दाखवत होत्या, पण बोलण्याऐवजी सगळं चॅटमध्ये सावकाश टाइप करत होत्या. मला कुठला दम! मी चॅटमध्ये टाकलं, "ताई, मौनव्रत हाय काय? तोंड उघडा की!"

हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी खूश.

ताईंनी माइक उघडला. खडाडखट, खडाडखट! कानठळ्या बसल्या. माइक बंद करून त्यांनी लिहिलं, "दादा, घरात माग चालू हाय. घटकाभर बंद ठेवा म्हटलं, पण आजच माल द्यायचाय. म्हणून टाइप करतेय. चालंल न्हवं?"

पुढच्या स्लाइड त्यांनी भराभर उरकल्या. मेहनतीनं काढलेली उदाहरणं तशीच राहिली.

मी माफी मागितली. पण कुठं? तर फक्त त्यांना दिसेल अशा खासगी मेसेजमध्ये. "असू दे दादा," एवढंच उत्तर आलं.

टोमणा मारताना अख्खा वर्ग लागला, माफीला मात्र आडोसा. उद्या पुन्हा वर्ग आहे. सगळ्यांसमोर चार शब्द लिहायला एवढं जड का जातंय हो?